आजीचा विसरभोळेपणा आणि कांड्यांची टोपली

प्रश्न : मी २७ वर्षांचा, अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात रात्रपाळीला सुपरवायझर आहे. आजी (आईची आई) सत्तरीनंतर सगळं विसरायला लागली, आता मावशीचंही तसंच सुरू झालंय. मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा) डीएनए फक्त आईकडून येतो आणि वयानुसार खराब होतो, असं वाचलं. लाळेची तपासणी केली, तर रिपोर्टमध्ये ‘मातृवंश एम’ आलं. हल्ली माझाही बीमांचा (मागावर चढवायच्या सुताच्या रुळांचा) हिशेब चुकतो. माझा मेंदू लवकर म्हातारा होतोय का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी त्या ‘एम’ची भीती काढा. तो आजार नव्हे, वंशाची खूण आहे; भारतात अगदी घरोघरी सापडते. त्या रिपोर्टवर घातलेले पैसे गेले म्हणा.

आईकडून येणारा हा डीएनए इवलासा असतो : १६,५६९ अक्षरं, ३७ जनुकं. मायटोकॉन्ड्रियाला लागणारी बाकी हजारभर प्रथिनं पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात, आणि ती जनुकं आई-वडील दोघांकडून येतात. सत्तरीनंतरच्या विसराळूपणामागे बहुतेकदा वेगळीच कारणं असतात. त्यासाठी आजीच्या मायटोकॉन्ड्रियाला दोष देता येत नाही.

वय वाढतं तसा हा डीएनए झिजतो, हे खरं. म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूतल्या काही पेशींत त्याचे मोठे तुकडे गळालेले दिसतात. पण ती दशकांची झीज असते.

तुम्ही कारखान्यातले, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. माझं बालपण सोलापूरच्या पूर्व भागातलं, विणकरांच्या वस्तीतलं; सुट्टीत मी कांड्या (मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या) भरल्या आहेत (आणि भरपूर बोलणीही खाल्ली आहेत). एका पेशीत या डीएनएच्या शेकडो-हजारो प्रती असतात. टोपलीत चार कांड्या खराब निघाल्या तर टॉवेलात दिसत नाही. खराब कांड्या फार झाल्या की माल बिघडतो. आई मुलाला त्या टोपलीतल्या मूठभरच कांड्या देते. म्हणून एकाच आईच्या दोन लेकरांत एक ठणठणीत, दुसरं आजारी, असं होऊ शकतं. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, ऊर्जा मात्र वीस टक्के खातो. त्यामुळे माल बिघडला की तिथे लवकर जाणवतं.

खरा आनुवंशिक बिघाड असेल तर घराण्यात वेगळ्या खुणा दिसतात. अंगाने बारीक असूनही मधुमेह, सोबत कमी ऐकू येणं, तरुणपणी फिट किंवा पक्षाघातासारखे झटके, पापण्या खाली येणं. आईकडच्या दोन-तीन माणसांत असं असेल तर न्यूरॉलॉजिस्टना भेटा. अशा बिघाडामागे असणाऱ्या, या डीएनएच्या ३२४३ क्रमांकाच्या अक्षरातल्या बदलाची शंका आली तर ते लघवीचा नमुनाही मागतील. रक्तातलं त्याचं प्रमाण वयानुसार घटतं, रक्तात तो निसटू शकतो.

तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. आहे ती रात्रपाळी. सकाळी पत्र्याखालच्या खोलीत, सोलापूरच्या उन्हाळ्यात, किती तास झोप लागते? तीन? मग बीम चुकणारच. बी-१२, थायरॉईड आणि साखर तपासून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. पाळी बदलून मिळते का, तेही विचारा.

आणि तुम्ही आजी-मावशीचंच लिहिलंत, मामांचं नाही. आजीचा हा डीएनए मामांनाही मिळालेला असतो, फक्त त्यांच्या मुलांकडे जात नाही. त्यांची साखर कशी आहे, कानाला कमी ऐकू येतं का, ते विचारून कळवा.