मेमधलं लग्न, लॉन आणि फुलं: आईचं बरंचसं ऐका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीचं लग्न मेच्या पहिल्या आठवड्यात, नागपूरच्या वर्धा रोडवरच्या लॉनवर, गोरज मुहूर्तावर. तिला फोटोत पाहिलेली फिकट निळी-गुलाबी हायड्रेंजिया हवी आहे. डेकोरेशनवाला म्हणतो सगळं आर्टिफिशियल करून टाकू. आणि आई म्हणते बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) झेंडू-मोगरा आणा, झालं. तिघांपैकी ऐकायचं कोणाचं?

माझं मत आधीच सांगून टाकते. आईचं बरंचसं, डेकोरेशनवाल्याचं थोडंसं, आणि बहिणीच्या फोटोतला फक्त रंग.

हायड्रेंजिया थंड हवेचं आणि भरपूर पाणी पिणारं फूल आहे. त्याच्या एकेका गेंदात ढीगभर पातळ पाकळ्या असतात आणि सगळ्यांतून एकदमच पाणी उडत राहतं. मेच्या पहिल्या आठवड्यात पारा ४३-४४ वर गेला तर नागपूरकराला त्याचं काही वाटत नाही, त्या फुलाला वाटतं. सूर्यास्त साडेसहा-पावणेसातला होतो, पण लॉनची जमीन नंतरही बराच वेळ झळ सोडत असते. स्टेज तीनला सजलं तर वरात दारात येईपर्यंत या फुलांनी माना टाकलेल्या असतील. बहिणीला एकदा विचारून बघा. बहुतेक तिला आवडलाय तो फिकट रंगाचा गुबगुबीत गेंद. तो कार्नेशनमधून करता येतो. फिक्या गुलाबी कार्नेशनच्या दांड्या आखूड कापून गच्च बांधल्या की झालरदार पाकळ्यांमुळे चार पावलांवरून तसाच आकार दिसतो. जांभळट छटेसाठी डेंड्रोबियम ऑर्किड घ्या. ते मुळात उष्ण प्रदेशातलंच, दांडीच्या टोकाला पाण्याची छोटी नळी असली की आपल्या संध्याकाळीला पुरून उरतं. निळाच रंग हवा म्हणून कोणी रंग फवारलेली शेवंती किंवा जिप्सो (गुच्छात भरायची बारीक पांढरी फुलं) दाखवला तर मात्र घेऊ नका. पाणी किंवा घाम लागला की तो रंग शालूवर उतरतो.

आता खरी फुलं की कापडी. माझा हिशोब साधा आहे: जिथं हात पोचतो आणि वास येतो तिथं ताजी फुलं. म्हणजे हार, गजरे, बोहल्याचे खांब माणसाच्या उंचीपर्यंत, प्रवेशाचं तोरण, नवरा-नवरीच्या खुर्च्यांची बाजू. बारा फुटांवरच्या कमानीत आणि झुंबरात कापडी फुलं असली तरी कुणी शिडी लावून बघायला जात नाही. उलट त्या उंचीवर ताजी फुलं लावायची तर ती दुपारीच चढवावी लागतात, कारण पाहुणे यायच्या वेळी शिड्या चालत नाहीत, आणि दुपारी चढवलेली फुलं संध्याकाळी सुकलेली. पैसेही गेले, शोभाही गेली.

स्टेजमागच्या गुलाबांच्या भिंतीचंही तसंच. ती ताज्या फुलांची करायची म्हटली तर गणित करून बघा. फूल पाच-सहा सेंटिमीटरचं धरलं तर एका चौरस फुटात दाटीनं २५ गुलाब बसतात. १० बाय १० फुटांची भिंत म्हणजे २५०० गुलाब. डच, म्हणजे लांब दांडीच्या गुलाबाची जुडी २० ची असते, म्हणजे १२५ जुड्या, त्यात मोडलेले-कोमेजलेले वेगळेच. कोणी फारच कमी पैशांत ‘पूर्ण नॅचरल भिंत’ करून देतो म्हणाला तर मध्ये काय भरणार ते विचारा. हिरव्या पानांची भिंत आणि तिच्यात तिरपा एक पट्टा ताज्या फुलांचा, हे मला दोन्ही टोकांपेक्षा बरं वाटतं.

मोगऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमचा महिना आणि तुमचा मुहूर्त दोन्ही त्याच्या बाजूचे आहेत. मोगऱ्याचा भर मार्च ते जून. कळ्या पहाटे, मिटलेल्या असतानाच तोडतात आणि त्या त्याच दिवशी संध्याकाळी उमलतात. त्यामुळे सकाळी अकराच्या मुहूर्ताला मोगऱ्याचा गजरा म्हणजे हिरवट-पांढऱ्या कळ्यांची माळ असते, वास जेमतेम. गोरज मुहूर्ताला मंगलाष्टकं चालू असताना तोच गजरा केसांत उमलत जातो. पैसे कुठं सढळ हातानं घालायचे असतील तर इथं घाला. नवरीची वेणी, करवल्यांचे गजरे, आणि दारात येणाऱ्या बायकांसाठी परातीत गजरे. हातांना बांधायला जरा जास्तीचे सांगा, हल्ली मुली तेही मागतात.

गजरे दुपारी घरी आले की ओल्या, पण पाणी टपकत नसलेल्या सुती कापडात गुंडाळायचे, वरून केळीचं पान, आणि कूलरच्या खोलीत ठेवायचे. कूलरच्या झोतासमोर मात्र नाही, वाऱ्यानं कडा वाळतात. फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला खेटून ठेवले तर कळ्या नीट उमलत नाहीत. फ्रिज वापरायचाच तर भाजीचा कप्पा, झाकणाचा डबा, आणि त्या फ्रिजमध्ये आंबे नकोत. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला बजावून सांगा. मेमधलं लग्नघर म्हणजे आमरसासाठी आंब्याच्या पेट्या आल्याच. पिकता आंबा आणि केळी इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्यानं कार्नेशनच्या पाकळ्या मिटतात, ऑर्किडची फुलं गळतात, जिप्सो झपाट्यानं वाळतो. फुलांची खोली आणि आंब्यांची खोली वेगळी असू द्या. संत्र्याचा हा त्रास नसल्यात जमा, पण मेमध्ये संत्री कोण आणतंय!

मुंडावळ्या मोत्यांच्याच घ्या आणि त्यांना मोगऱ्याच्या कळ्यांचा एकच सर जोडून घ्या. नुसत्या फुलांच्या मुंडावळ्या फोटोत सुरेख दिसतात, पण कपाळावरच्या घामात दोन तासांत गळून नाकावर येतात आणि मग नवरदेव सगळ्या फोटोंत त्या सावरताना दिसतो.

हारांकडे लोक शेवटच्या दिवशी वळतात आणि फोटोत मात्र सगळ्यांत जास्त तेच असतात. हारासाठी निशिगंध घेणार असाल (आपल्याकडे बरेच जण रजनीगंधाच म्हणतात) तर एकेरी पाकळीचा, ‘सिंगल’, असं स्पष्ट सांगा. तो जास्त सुगंधी आणि ओवायला सोपा. दुहेरी पाकळीचा फुलदाणीत छान, हारात जड. पूर्ण डच गुलाबांचा भरगच्च हार गळ्यात घालून तासभर उभं राहणं सोपं नाही, शालू आणि दागिन्यांचं वजन आधीच असतं. पाकळ्यांचा किंवा निशिगंध-गुलाबाचा सडपातळ हार घ्या, कमरेच्या वरच संपणारा. दोघांच्या उंचीत फरक असेल तर दोन हार वेगळ्या लांबीचे सांगा. हारवाला हार ताजा दिसावा म्हणून पाणी मारत राहतो. आणल्यावर तासभर टांगून निथळू द्या, नाहीतर रेशमावर पाण्याचे डाग.

लिली घेणार असाल तर तिचे केशरी-तपकिरी परागकोश फूल उमलल्याबरोबर खुडून टाकायला सांगा. तो पराग पैठणीवर लागला तर हातानं झटकू नका, पाणी लावू नका. चिकटपट्टी हलकेच टेकवून उचला. बंद एसी हॉलमध्ये लिली आणि निशिगंध एकत्र असले तर डोकं धरतं, पण तुमचं लॉन आहे, हरकत नाही.

जरबेरा स्वस्त आणि रंगीत, पण उन्हात त्याची मान लवकर वाकते. घेतलात तर बादलीत चार बोटंच पाणी ठेवा, देठ जास्त बुडाला की सडतो. शेवंतीचा हा हंगाम नाही, ती थंडीची. मेमध्ये मिळाली तरी महाग आणि मरतुकडी. झेंडू मिळेल, फूल दसऱ्याएवढं टपोरं नसेल इतकंच. हळदीला तो हवाच. लग्न डिसेंबर-जानेवारीत असतं तर हे सगळं उत्तर उलटं झालं असतं: शेवंती भरपूर, झेंडू टपोरा, गुलाब दुपारपासून रात्रीपर्यंत टवटवीत, आणि गजऱ्याला मोगऱ्याऐवजी कुंद, ज्याला वास नसल्यासारखाच.

आईनं बहुतेक सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते: मेमधल्या मांडवाला फुलांपेक्षा पानं जास्त शोभतात. आंब्या-जांभळाचे डहाळे, अशोकाची पानं, दाराला आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं तोरण. ही पानं उन्हाला दाद देत नाहीत, वरून खर्चही कमी. केळीचे खुंट मात्र उशिरा बांधा, गरम वाऱ्यात त्यांची पानं काही तासांत चिरफळतात. बहिणीला हा हिरवा रंग गावठी वाटत असेल तर त्यात फिकट गुलाबी कार्नेशन आणि पांढरं ऑर्किड टाकून बघायला सांगा. तिच्या फोटोतल्या रंगांना याहून चांगली पार्श्वभूमी मिळणार नाही.

आता व्यवहार. बरेचदा बिछायतवाला (मांडव-खुर्च्या पुरवणारा), डेकोरेशनवाला आणि फूलवाला ही तीन वेगळी माणसं असतात आणि तुमच्याशी बोलतो तो एकच. कोटेशनमध्ये नुसतं ‘फ्लॉवर डेकोरेशन’ असेल तर सही करू नका. कोणतं फूल, किती जुड्या किंवा किती किलो, कुठं ताजं आणि कुठं कापडी, आणि ताजी फुलं किती वाजता लागणार, हे लिहून घ्या. माझ्या मते ताजी फुलं साडेचारच्या आधी लॉनवर येऊच नयेत; सांगाडे, पडदे, कापडी फुलं, पानं सकाळी होऊ द्या. लॉनवाला किती वाजता ताबा देतो तेही आधी विचारा. ‘ते फूल आलं नाही तर काय लावणार’ हेही त्याच कागदावर हवं. दाट लग्नतिथीला, विशेषतः अक्षय्य तृतीयेच्या आसपास, एकाच दिवशी अर्ध्या शहराला तीच फुलं हवी असतात.

सगळं स्वतः बर्डीच्या नेताजी फूल मार्केटमधून आणावं का? स्टेजचं नको. त्या दिवशी घरातल्या कुणाला बादल्या आणि तारा सांभाळायची फुरसत नसते. पण गजरे, हार, हळदीचा झेंडू आणि गुलाबाच्या पाकळ्या स्वतः सांगा, डेकोरेशनवाल्याच्या पॅकेजमधून काढून. आठ-दहा दिवस आधी पहाटे एक चक्कर मारा, भाव आणि माल डोळ्यांनी बघा, हार ओवणाऱ्याशी बोला, नमुना म्हणून छोटा हार करून मागा. गुलाब घेताना पाकळ्यांपेक्षा खालचा भाग दाबून बघा: घट्ट लागला तर ताजा, मऊ लागला तर बाहेरच्या सुकलेल्या पाकळ्या काढून उभा केलेला. आणल्यावर देठ तिरपे छाटून बादलीत, पाण्यात बुडणारी पानं काढून.

अक्षतांसोबत पाकळ्या वाटणार असाल तर स्टेजच्या गुळगुळीत फळ्यांवर त्या फार टाकू देऊ नका. चुरगळलेल्या पाकळीवरून नऊवारीतली नवरी घसरते. सप्तपदीच्या वाटेवर तर अजिबात नको.

गाडीबद्दल थोडंच. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात लावू देत नाही, त्यावर फुलं शिजतात. गाडी पाठवणीच्या अर्धा तास आधी सजवा, किंवा रिबीन आणि पुढं एकच गुच्छ ठेवून मोकळे व्हा.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या फुलांचं काय करायचं ते डेकोरेशनवाल्याशी आधी ठरवा, नाहीतर ती लॉनच्या मागं ढिगात पडतात. पानं-फुलं खताला देता येतात. गुच्छांतला तो हिरवा फोम मात्र आधी वेगळा काढावा लागतो, तो प्लास्टिकचाच प्रकार आहे आणि कुजत नाही. झेंडूच्या माळांचा नायलॉनचा दोराही तसाच. ऑर्डर देतानाच ‘सुती दोऱ्यात ओवा’ असं सांगितलंत तर माळा सोडवत बसायचं काम वाचेल.