डॉकस्ट्रिंग साफ करायला घेतेयस तर आधी हे वाच

अगं, पांडाजमध्ये, म्हणजे पायथनच्या त्या डेटा लायब्ररीत, पहिला पीआर (पुल रिक्वेस्ट, आपला बदल कोडमध्ये घ्या अशी विनंती) डॉकस्ट्रिंगचा, म्हणजे फंक्शनच्या आत लिहिलेल्या माहितीचा, टाकायचं ठरवलंयस हे बेस्ट केलंस. पण मेसेजच्या शेवटी लिहिलंयस की वीकेंडला बसून जेनेरिक डॉट पीवाय मधल्या सगळ्या डॉकस्ट्रिंग एका झटक्यात नीट करून टाकते, तिथे मी जरा थांबलो. ती फाइल दहा हजार ओळींच्या पुढची आहे बाई. शिवाय तिथली बरीचशी फंक्शन्स सीरिज (एक कॉलम) आणि डेटाफ्रेम (पूर्ण टेबल) दोघांना जातात, काही डॉकस्ट्रिंग तर डेकोरेटरने (फंक्शनच्या वर लावायची @ ची ओळ) मोकळ्या जागा भरून वेगवेगळ्या क्लासना चिकटवलेल्या असतात, म्हणजे तू एका ठिकाणी "डेटाफ्रेम" असं लिहिलंस की सीरिजच्या पानावर पण डेटाफ्रेमच दिसणार, आणि रिव्ह्यू करणारा कपाळावर हात मारणार. एक ना धड भाराभर चिंध्या नको. एक फंक्शन घे, एक पीआर टाक, तो मर्ज होऊ दे, म्हणजे मूळ कोडमध्ये जाऊ दे, मग पुढचं.

टूल तुला आधीच तयार मिळतंय. स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये व्हॅलिडेट डॉकस्ट्रिंग्ज नावाची फाइल आहे, तिला फंक्शनचं पूर्ण नाव दिलंस की ती चुका कोडसकट सांगते. एसए०१ आलं तर "सी ऑल्सो" सेक्शन नाहीये, ईएक्स०१ म्हणजे उदाहरणच नाही, पीआर०१ (हा पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट नव्हे) म्हणजे पॅरामीटर, फंक्शनला द्यायची माहिती, आहे पण त्याबद्दल काही लिहिलेलंच नाही, एसएस०३ म्हणजे पहिल्या ओळीच्या शेवटी टिंब नाही. पहिली ओळ "रिटर्न" ने सुरू करायची, "रिटर्न्स" ने नाही, त्याचाही वेगळा कोड आहे. पांडाजमध्ये बराच काळ सीआयच्या (प्रत्येक पीआर आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेच्या) एका शेल फाइलमध्ये अशी यादीच होती, की या फंक्शनला या चुकीची सध्या सूट, आणि नवीन लोक त्या यादीतली एखादी ओळ उचलायचे, डॉकस्ट्रिंग दुरुस्त करायचे आणि ती सूट काढून टाकायचे. कामाची खूप चांगली पद्धत आहे ती, कारण काम कुठे संपलं ते सगळ्यांना दिसतं.

पण स्क्रिप्टने हिरवा सिग्नल दिला म्हणजे झालं असं समजू नकोस, इथेच घोडं पेंड खातं. स्क्रिप्टला सेक्शन आहे की नाही ते कळतं, आत लिहिलेलं खरं आहे की नाही ते कळत नाही. सी ऑल्सो मध्ये कुठलंही फंक्शन घुसडलंस तरी ती गप्प बसेल. म्हणून तुझं खरं काम असं की डॉकस्ट्रिंगमधलं प्रत्येक वाक्य उचलायचं आणि कोडला विचारायचं, बाबा रे, हे तू खरंच करतोस का?

एक उदाहरण देतो. एक, दोन, तीन, चार या आकड्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) काढ, १.११८ येईल. तेच पांडाजच्या सीरिजवर काढ, १.२९१ येईल. दोन्ही बरोबर आहेत, फक्त नमपाय डीफॉल्टने एन ने, म्हणजे एकूण आकडे जितके तितक्याने, भागतं आणि पांडाज एन वजा एक ने, म्हणजे डीडीओएफ हा पॅरामीटर एकीकडे शून्य आणि दुसरीकडे एक. आता पांडाजची एसटीडीची डॉकस्ट्रिंग उघड, त्यात स्पष्ट लिहिलंय की नमपायसारखं उत्तर हवं असेल तर डीडीओएफ शून्य द्या. ती ओळ नसती तर व्हॅलिडेटरने काही तक्रार केली असती का? नसती केली. पण कितीतरी पोरं रात्री दोन वाजता असाइनमेंटचे आकडे जुळत नाहीत म्हणून डोकं आपटत बसली असती. तुला अशा ओळी शोधायच्यात, टिंबं काय, ती लिंटर (कोडची मांडणी तपासणारं टूल) पण शोधतो.

बरं, आता समज डॉकस्ट्रिंग म्हणतेय, शोधलेली "की" (key) सापडली नाही तर नन, म्हणजे रिकामं उत्तर, परत येतं आणि कोड मात्र कीएरर फेकतोय. तुझा हात लगेच शिवशिवेल डॉकस्ट्रिंग बदलायला. थांब. कोण चुकलंय ते आधी शोध. टेस्ट्समध्ये बघ, कीएरर येणं अपेक्षित आहे अशी टेस्ट असेल तर डॉकस्ट्रिंग जुनी झालीय, खुशाल बदल. टेस्ट नसेल तर गिट ब्लेम (कुठली ओळ कोणी, कधी लिहिली ते दाखवणारी कमांड) काढ, कोडची ती ओळ आणि डॉकस्ट्रिंगची ती ओळ कधी आली, कुठल्या पीआरमध्ये आली ते वाच, बऱ्याचदा कळतं की डॉकस्ट्रिंग शेजारच्या फंक्शनवरून कॉपी-पेस्ट झालीय आणि कोणी वाचलीच नाही. आणि तरीही कळलं नाही तर इश्यू उघड, म्हणजे प्रोजेक्टच्या पानावर प्रश्न नोंदव, दोन्ही बाजू मांड आणि विचार. गुपचूप डॉकस्ट्रिंग बदलून कोडशी जुळवून घेतलीस तर एखादा खरा बग कायमचा "असंच अपेक्षित आहे" होऊन बसतो. मेंटेनर लोकांना (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांना) असा इश्यू टिंबाच्या पन्नास पीआरपेक्षा जास्त आवडतो, मी तरी असंच बघत आलोय.

उदाहरणं चालवून बघ, नुसती वाचू नकोस. पायथनमध्ये डॉकटेस्ट २००१ पासून आहे, तो डॉकस्ट्रिंगमधला कोड चालवून खाली लिहिलेलं आउटपुट जुळतंय का ते बघतो. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं तेव्हा नमपायचा एकटा आकडा नुसता ३.० न दिसता एनपी डॉट फ्लोट६४ आणि कंसात ३.० असा दिसायला लागला, आणि ज्या ज्या लायब्ररींच्या उदाहरणांत जुना आउटपुट लिहिलेला होता तिथे डॉकटेस्ट धडाधड फेल झाले. अशा वेळी लोक काय करतात, ओळीपुढे डॉकटेस्ट स्किप लिहून मोकळे होतात. तू नको करूस. स्किप फक्त तिथे, जिथे उदाहरणाला खरंच नेटवर्क किंवा बाहेरची फाइल लागते.

बारीकसारीक दोन गोष्टी. डॉकस्ट्रिंगच्या नमपाय स्टाइलमध्ये पॅरामीटरचं नाव, मग स्पेस, मग कोलन, मग टाइप. ती कोलनआधीची स्पेस राहिली की नाव आणि टाइप वेगळे ओळखले जात नाहीत, आणि तू अर्धा तास शोधत बसशील की काय चुकलं. दुसरं, डॉकस्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅश असेल, फॉर्म्युला किंवा रेजेक्स (मजकूर शोधायचा पॅटर्न) असेल, तर सुरुवातीच्या अवतरणाआधी आर (r) लाव, नाहीतर पायथन ३.१२ पासून अनोळखी एस्केपवर (बॅकस्लॅश आणि पुढचं अक्षर) सरळ सिंटॅक्स वॉर्निंग दिसते.

एआयकडून लिहून घेण्याबद्दल विचारलं होतंस. व्याकरण तपासून घे, बिनधास्त. पण पूर्ण डॉकस्ट्रिंग लिहून घेतलीस तर बहुतेक वेळा फंक्शनचं नावच तीन वाक्यांत फिरवून मिळतं, आणि वाचायला इतकं गुळगुळीत असतं की खोटं असलं तरी नजरेतून सुटतं. आणि एक लक्षात ठेव, आपल्याकडच्या नावांकडे थोडं सावधपणे बघणारे मेंटेनर आहेत, राग मानू नकोस. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्टच्या (पीआर टाकले की टीशर्ट मिळायचा अशी ऑनलाइन मोहीम) टीशर्टसाठी लोकांनी रीडमीमध्ये (प्रोजेक्टच्या ओळखीच्या फाइलमध्ये) उगाच "अमेझिंग प्रोजेक्ट" वगैरे घुसवून पीआरचा पाऊस पाडला होता, त्यात भारतातले बरेच होते, शेवटी आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलून रिपॉझिटरीने, म्हणजे त्या प्रोजेक्टने, स्वतःहून भाग घेतला तरच पीआर मोजायचा असं करावं लागलं. म्हणून पीआरच्या वर्णनात काय बदललं आणि ते खरं आहे हे कसं तपासलं ते दोन ओळीत लिही. फॉरमॅटिंगचे बदल आणि अर्थाचे बदल एकाच कमिटमध्ये मिसळू नकोस, रिव्ह्यूवाला दोनशे ओळींच्या स्पेसमध्ये तुझं एक महत्त्वाचं वाक्य शोधत बसणार नाही.

आणि पूर्ण डॉक्युमेंटेशन बिल्ड करायला जाऊ नकोस, लॅपटॉप रडेल. डॉक फोल्डरमध्ये मेक डॉट पीवाय आहे, त्याला सिंगल ऑप्शन देऊन फंक्शनचं नाव दे, तेवढंच पान तयार होतं, ते ब्राउझरमध्ये उघडून डोळ्यांनी बघ. स्फिंक्स (ही पानं बनवणारं टूल) अडलं तर एररचा पूर्ण टेक्स्ट पाठव, वरपासून खालपर्यंत. फोनने स्क्रीनचा फोटो काढून नको पाठवूस, मागच्या वेळसारखा.