थांबायची सोय आधी करून ठेव

प्रिय मित्रा,

संस्थेच्या मदतीसाठी बाइकवरून लांब निघायचं तू ठरवलंयस, तर बाइकच्या आधी एका गोष्टीचा बंदोबस्त कर. अशा राइडची तारीख जाहीर झालेली असते, लोकांनी पैसे दिलेले असतात, मुक्कामी कुणीतरी वाट बघत असतं. मग एरवी जिथे मुकाट्याने थांबलो असतो, तिथे माणूस गाडी रेटत राहतो. डोळे मिटायला लागलेत, चेन वाजतेय, तरी 'आता तीसच किलोमीटर राहिलेत' म्हणत. म्हणून देणगी मागतानाच लिहून टाक, की राइड अर्ध्यात सुटली तरी पैसे संस्थेलाच जातील. किलोमीटरमागे अमुक रक्कम, असलं काही ठरवू नकोस. आणि प्रत्येक तीन-चार दिवसांमागे एक दिवस मोकळा ठेव.

पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ देत, पावतीही तिनेच द्यावी. तिचं नाव वापरायची परवानगी लेखी घे. पेट्रोल आणि मुक्कामाचा खर्च कोण करणार, हे पहिल्याच आवाहनात सांग. नंतर सांगितलं की खुलासा वाटतो.

आता गाडी. सर्व्हिसिंग निघायच्या दोन-तीन आठवडे आधी उरक, आदल्या दिवशी मुळीच नको. सैल राहिलेला नट, ड्रेन बोल्टपाशी (इंजिन ऑइल काढायच्या बोल्टपाशी) झिरपणारं ऑइल, प्रमाणाबाहेर ताणलेली चेन, या सर्व्हिसिंगमधल्या चुका पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरमध्ये उघड होतात. त्या घराजवळ होऊ देत. त्यासाठी सगळं सामान लादून, तेच जॅकेट आणि तेच बूट घालून 200-250 किलोमीटरची एक फेरी मार.

चेनकडे सगळ्यात जास्त लक्ष दे. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली हलवून बघ. बऱ्याच रोड बाइकना 25 ते 35 मिलिमीटर ढील लागते, पण तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोज, कारण चेन सगळीकडे सारखी वाढत नाही. सर्वांत घट्ट जागा धरून ॲडजस्ट कर. नवखे लोक ती घट्ट करून निर्धास्त होतात, आणि तिथेच फसतात. सामान आणि माणूस बसून सस्पेन्शन दबलं की चेन आणखी ताणली जाते, मग भार गिअरबॉक्सच्या आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर येतो. मागच्या स्प्रॉकेटवरून, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्रावरून, चेन हाताने मागे ओढल्यावर अर्धा दाता उघडा पडत असेल, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदल. ल्यूब (चेनचं वंगण) दिवस संपल्यावर, चेन गरम असताना मार; रात्रभरात ते आत मुरतं. सकाळी घाईत मारलेलं बरंचसं रिमवर उडतं.

टायरमधली हवा टायर थंड असताना मोज, आणि भार असतानाचा आकडा मॅन्युअलमध्ये वेगळा दिलेला असतो तो पाळ. कमी हवेवर जड गाडी पळवली की टायरची बाजू सारखी दुमडते आणि तापते. नवा टायर घालणार असशील तर सुरुवातीचे 150 किलोमीटर जपून चालव, तो गुळगुळीत असतो. ब्रेक पॅड 2 मिलिमीटरच्या आसपास आले असतील तर निघण्याआधीच बदल.

सामानाचं वजन खाली आणि सीटच्या जवळ हवं. मागच्या ॲक्सलच्याही पलीकडे रॅकवर जड पिशवी लटकली की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरायला लागतं. मॅन्युअलमधल्या भाराच्या मर्यादेत तुझं आणि तुझ्या कपड्यांचंही वजन धरलेलं असतं, हे बहुतेक जण विसरतात. हुकवाल्या लवचिक दोऱ्यांपेक्षा बकलचे पट्टे बरे. निघाल्यावर वीसेक किलोमीटरवर थांबून ते पुन्हा आवळ, आणि मोकळी टोकं चाकात जाणार नाहीत अशी खोच. सामानाने गाडीची मागची बाजू दबली की हेडलाइटचा झोत वर जातो. मागच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगचा ताण (प्रीलोड) वाढव, तरीही वर राहिला तर हेडलाइट खाली घे.

दुपदरी रस्त्यावर थांबे धरून ताशी 45-50 चा हिशेब ठेव. पहिल्यांदा रोज 300 किलोमीटर पुष्कळ झाले. दर दीड तासाने उतर, दमला नसलास तरी. कानात इअरप्लग घाल. वाऱ्याचा आवाज कानांना तर त्रास देतोच, दिवसअखेर थकवाही त्याचाच असतो.

सोबत इतर असतील तर सगळ्यात हळू चालवणारा पुढच्या म्होरक्याच्या लगेच मागे हवा. तो शेवटी राहिला तर अंतर भरून काढण्यासाठी सगळ्यांत वेगाने त्यालाच पळावं लागतं. सरळ रस्त्यावर आपल्याच लेनमध्ये आलटून-पालटून डावी-उजवी बाजू धरा, नेमक्या समोरच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचं अंतर ठेवा. वळणांवर आणि पावसात एकेरी ओळ, आणि अंतर त्याहून जास्त. पेट्रोलचा थांबा सर्वांत लहान टाकीवरून ठरवा. रस्ता बदलताना मागचा दिसेपर्यंत वळणाशी थांबायचं, हा नियम सगळ्यांकडून वदवून घे.

ता. क. रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि घरचे दोन फोन नंबर कागदावर लिहून जॅकेटच्या डाव्या खिशात ठेव. फोन लॉक असतो किंवा फुटतो. गटातल्या प्रत्येकाचा कागद त्याच खिशात असू दे, म्हणजे ऐनवेळी शोधावा लागणार नाही.