मूड येईल मग उठू, असं नसतं गं

अगं पोरी,

तुझा मेसेज सकाळी बघितला. रात्री पावणेतीनला टाकलायस. "ताई काही करावंसंच वाटत नाही, पुस्तक उघडलं की रडू येतं." अर्धं उत्तर तर त्या पावणेतीनमध्येच आहे असं मला वाटतं, पण त्याच्यावर नंतर येते.

स्पर्धा परीक्षेची प्री, म्हणजे पूर्व परीक्षा, थोडक्यात गेली त्याचं वाईट वाटणारच, वाटू दे. सदाशिव पेठेत अभ्यासिका चालवते ना मी, रिझल्टनंतरचे चेहरे दरवर्षी बघते. दोन-चार दिवस सगळेच पडून असतात. पण काहीजण तसेच पडून राहतात, मूड आला की उठू म्हणतात, आणि तो मूड काही येत नाही, कारण कॉटवर पडून पडून तो अजूनच जातो. मानसशास्त्रात पीटर लेविन्सन म्हणून एकजण होऊन गेले, त्यांनी १९७० च्या दशकात हेच धरून डिप्रेशनवर काम केलं. माणूस उदास झाला की एकेक गोष्ट सोडत जातो, सोडल्यामुळे बरं वाटायच्या जागाच कमी होतात, मग अजून उदास. म्हणून आधी करायचं, वाटायचं नंतर बघू. आणि करायचं म्हणजे अभ्यास नाही हं, एवढ्यात पुस्तकाला हातच लावू नकोस.

तुझ्या रूमवर मागे आले होते तेव्हा कॉटखाली चहाचे तीन कप होते, तळाला साय वाळून चिकटलेली, आणि खुर्चीवर कपड्यांचा एवढा ढीग की खुर्ची दिसेना. उद्या फक्त ते कप धू. बास. परवा चादर बदल. हसू नकोस, डोळ्यासमोर एक गोष्ट पूर्ण झालेली दिसली की जरा सुटल्यासारखं होतं.

आणि सकाळी बाहेर पड. तुमच्या रूमला खिडकी आहे ती समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे उघडते, दिवसासुद्धा ट्यूबलाइट लावून बसता तुम्ही. लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप; घरातला उजेड साधारण दोन-तीनशे लक्स असतो, बाहेर ढगाळ असलं तरी हजारांत जातो, आणि शरीराचं घड्याळ लागतं ते या सकाळच्या उजेडावर. पर्वती जवळच आहे की, शंभर-एक पायऱ्या आहेत, हळूहळू चढ, वर जाऊन दहा मिनिटं बस नि उतर. त्यासाठी बूट-ट्रॅकसूट काही लागत नाही, आणि तिथेही कानात चालू घडामोडी लावून जाऊ नकोस कृपा करून.

आता ते पावणेतीन. रात्री आठला टपरीवर चहा, दहाला परत चहा. चहातलं कॅफिन पाच-सहा तासांनी कुठे निम्मं उतरतं, म्हणजे दहाच्या चहाचा बराचसा हिस्सा पहाटेपर्यंत तुझ्यासोबत जागा असतो, आणि जागरणात जे विचार येतात ना, की माझं काही होणार नाही, घरचे लग्न लावून देतील, त्यातले निम्मे सकाळी तेवढे भयंकर वाटत नाहीत. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद. मेसचा डबा परत पाठवतेस ते पण बंद, अगदीच जात नसेल तर केळं खा, गूळ-शेंगदाणे खा, पण उपाशीपोटी स्वतःबद्दल कसलेही निर्णय घ्यायचे नाहीत.

टेलिग्रामचे ग्रुप म्यूट कर. आन्सर की आणि कट ऑफच्या चर्चेने कुणाचे मार्क वाढलेले मी तरी बघितले नाहीत. आणि ते आरशासमोर उभं राहून "मी अधिकारी होणारच" म्हणायचं व्हिडिओत सांगतात ते मला काही पटत नाही, रडू येत असताना असलं बोललं की अजून खोटं वाटतं. त्यापेक्षा आईला फोन कर. "बरी आहे" म्हणून ठेवून देतेस तसा नको, सोयाबीन कसं आहे, म्हैस व्याली का, ते विचार, दहा मिनिटं परीक्षा सोडून बोल. आणि खरं काय वाटतंय ते निदान एका माणसाला सांगत जा. मला सांगितलंस ते बरं केलंस.

एक मात्र सिरियसली वाच. हे सगळं करूनही दोन आठवड्यांच्या वर असंच राहिलं, झोप-भूक गेलेलीच राहिली, तर डॉक्टरकडे जायचं, मी येईन सोबत, ससूनला मानसोपचाराची ओपीडी आहे. आणि जगून काय करायचं असा विचार एकदा जरी आला तर आठवडे मोजत बसू नकोस, लगेच मला फोन कर, कितीही वाजले असू देत, नाहीतर १४४१६ लाव. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री पण चालू असते, मराठीत बोलता येतं. ताप आल्यावर गोळी घेतेस ना, मग यात लाजायचं काय.

बाकी, रविवारी संध्याकाळी तुमची मेस बंद असते, तर जेवायला माझ्याकडेच ये, पिठलं करते. रूम पार्टनरलाही आण, भाकरी थापायला कुणीतरी लागेल आणि तुझ्या भाकरीचा नकाशा होतो हे मला माहितीय.

तुझी ताई