पायांवरच्या जांभळ्या शिरा आणि नवरात्रीची घाई

प्रिय लेकी,

नवरात्रीच्या आत पोटरीवरच्या त्या जांभळ्या शिरा घालवता येतील का, असं विचारलंस. यंदा नको, असं माझं स्पष्ट मत. या शिरा जिरवायला त्यांत औषधाची इंजेक्शनं देतात, आणि सुया टोचल्यावर पहिले काही आठवडे पाय आधीपेक्षा वाईट दिसतात. लाल ठिपके, काळेनिळे डाग. शिरा फिकट व्हायला तीन ते सहा आठवडे लागतात आणि एका सिटिंगमध्ये क्वचितच भागतं. शिवाय इंजेक्शननंतर चालायला सांगतात, पण जोराची हालचाल काही दिवस बंद. बडोद्यात राहून गरब्याला नुसतं बसून राहणं तुला जमणार आहे का?

आधी डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी तपासणी, करून घे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या या शिरा एक मिलिमीटरहूनही बारीक असतात आणि बहुतेकींना त्यांचा काही त्रास नसतो. पण तू दुकानात दिवसभर उभी असतेस, संध्याकाळी पाय जड होतात म्हणतेस. आतल्या मोठ्या शिरेच्या झडपा नीट मिटत नसतील तर रक्त खाली साचतं, आणि मग वरच्या शिरा कितीही जिरवल्या तरी नव्या उगवतात. घोट्याभोवती जाळं दाट असेल, तिथली कातडी काळपट पडत असेल, तर नक्कीच तपासायला हवं. सयाजी हॉस्पिटलच्या सर्जरी ओपीडीत आधी दाखव. आणि एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला, तर ओपीडीच्या वेळेची वाट न बघता त्याच दिवशी जा. आतल्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते.

उपचाराला स्क्लेरोथेरपी म्हणतात. पॉलिडोकॅनॉलसारखं औषध अगदी बारीक सुईने शिरेत सोडतात. शिरेचं आतलं अस्तर चिकटतं, रक्त दुसऱ्या वाटेने जातं आणि ती शीर हळूहळू जिरते. चांगल्या हातांत हे सुरक्षित आहे. तरी आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तपकिरी रेघ उमटू शकते. बहुतेकदा ती काही महिन्यांत, कधी वर्षभराने जाते, काहींची राहते. निळ्याच्या जागी तपकिरी चालेल का, हे स्वतःला खरंखुरं विचार. लेझरने सावळ्या कातडीला भाजण्याचीही भीती असते, म्हणून पार्लरच्या पॅकेजमध्ये अजिबात पडू नकोस.

वर्षभरात बाळाचा विचार असेल तर थांब. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हे करत नाहीत. त्या काळात नव्या शिरा येतात, त्यांतल्या पुष्कळशा बाळंतपणानंतर आपोआप फिकटतात. मेडिक्लेम बहुधा मिळणार नाही, हेही धरून चल.

मैत्रिणीने चणियाखाली बोट दाखवलं म्हणून करू नकोस, एवढं मात्र मी आग्रहाने सांगेन. पण तुला स्वतःलाच आरशासमोर खुपत असेल, तर त्यात लाजायचं काय? डॉपलर ठीक आला तर दिवाळीनंतर कर. उपचारानंतरचे घट्ट मोजे इथल्या एप्रिल-मेमध्ये सहन होत नाहीत, थंडीत निभतात, आणि पाय उन्हापासून झाकलेलेही राहतात.

डॉक्टरांना विचार: अशा सावळ्या पायांवर किती काम केलंय, सिटिंग किती लागतील, डाग राहिला तर पुढे काय? रिपोर्ट मिळाला की घेऊन ये, दोघी मिळून वाचू.

तुझी,
मावशी