लेकीसाठी टेनिसचा खासगी कोच शोधताना

ताई, कोच स्वतः कुठवर खेळलाय हे जरूर विचारा, पण तेवढ्यावर भुलू नका. उत्तम खेळणं आणि सात वर्षांच्या मुलीला शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. एआयटीए (अखिल भारतीय टेनिस संघटना) किंवा आयटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) कोचिंग कोर्स केलाय का, कुठल्या लेव्हलचा, एवढी लहान मुलं आधी शिकवली आहेत का, हे सरळ विचारा. चांगल्या कोचला याचा राग येत नाही.

मग एक सेशन कडेला बसून नीट बघा. आधी बॉलकडे. या वयात नेहमीचा पिवळा बॉल दिला तर तो उसळून डोक्यावरून जातो. मग पोर रॅकेट कशीही धरून मारू लागते आणि ती सवय सुटता सुटत नाही. तिला लाल बॉल हवा, तो साधारण ७५ टक्के हळू असतो. कोर्टही छोटं, ११-१२ मीटरचं. २०१२ पासून आयटीएफनं दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा बॉल बंदच केलाय. त्यामुळे लाल बॉलला पोरखेळ म्हणणाऱ्या कोचपासून लांबच राहा.

मग कोच शिकवतो कसं ते बघा. बास्केटमधले बॉल टाकत तासभर नुसता फोरहँडचा एकच फटका घोटून घेतो, की सर्व्ह, रिटर्न, रॅलीही खेळवतो? मला दुसरी पद्धत मनापासून पटते. पहिल्याच दिवशी पॉइंट खेळायला मिळाला की दुसऱ्या दिवशी मूल स्वतःहून बूट घालून तयार असतं.

फी महिन्याची भरा, वर्षाची एकदम नको. रॅकेट २३ इंची घ्या. पुढे उपयोगी पडेल म्हणून २७ इंची घेऊ नका.