अचानक कामावरून काढलं, कायद्याने काय करता येईल?

'कामगिरी समाधानकारक नाही' एवढंच सांगून एका दिवसात काढलं आणि आता राजीनाम्यावर सही मागताहेत, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून सही करू नका. एकदा राजीनामा दिला की 'मला काढलं' हे सिद्ध करणं फार जड जातं. शेवटच्या हिशेबाच्या कागदावरही खाली बारीक अक्षरांत 'माझी काही तक्रार वा येणं बाकी नाही' अशी ओळ असते. पैसे हातात पडायच्या घाईत नेमकी तीच वाचायची राहते.

काढल्याचं कारण ईमेलने लेखी मागा. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, कामाचं कौतुक केलेले मेल जपून ठेवा.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२च्या करारानुसार (क्रमांक १५८) काढायला सबळ कारण लागतं आणि वागणुकीचा किंवा कामगिरीचा ठपका असेल तर बाजू मांडायची संधी द्यावी लागते. गरोदरपण, युनियनचं सभासदत्व, मालकाविरुद्ध केलेली तक्रार ही कारणं चालत नाहीत. सगळ्या देशांनी हा करार स्वीकारलेला नाही, तरी बऱ्याच ठिकाणच्या कायद्यांत हीच तत्त्वं दिसतात. यातलं काही तुमच्या बाबतीत घडलं असेल तर वकिलाला ते सर्वांत आधी सांगा.

दाद कामगार खात्याकडे किंवा कामगार न्यायालयात मागता येते. पुन्हा कामावर घेण्याचा आदेश मिळू शकतो, पण बहुतेकदा प्रकरण भरपाईवर मिटतं.

दाद मागायची मुदत मात्र लगेच तपासा. जर्मनीत ती ३ आठवडे आहे, ऑस्ट्रेलियात २१ दिवस. कंपनीशी बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही, त्यामुळे वकिलाला याच आठवड्यात भेटा.